गीतातला 'मी' कोणता?

बुद्धविहार आहे आणि गीत लिहिणारा एकही तरुण नाही, अशी वस्ती महाराष्ट्रात शोधूनच काढावी लागेल. चौदा एप्रिल जवळ आला की वह्या बाहेर निघतात. कोणी ढोलकीवाला गाठतो, कोणी पेटीवाला. या वह्यांतील पुष्कळशी गीते बाबासाहेबांची असतात, तथागतांची असतात, माता रमाईची असतात, आणि ती तशी असावयासच हवीत. परंतु त्याच वह्यांच्या मागल्या पानांवर आणखी एका प्रकारचे गीत असते. ते सभेत सहसा म्हटले जात नाही. ते लिहिणाऱ्याचे स्वतःचे असते. मी पडलो पण उठलो, मी वाकलो नाही, माझे बळ माझ्यातच आहे, मी जसा आहे तसाच राहीन, असा त्याचा आशय असतो. मुलगे लिहितात, आता मुलीही लिहू लागल्या आहेत.

या मागल्या पानावरच्या गीताविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे. ते पोरकट म्हणून उडवून लावणारे लोक आहेत. त्याहून गंभीर आक्षेप घेणारेही आहेत. ते म्हणतात, आपण बौद्ध झालो, म्हणजे आत्मा नाकारला. मग हा 'मी' 'मी' कशाचा? ज्या धम्मात आत्म्याला जागा नाही, त्या धम्माच्या माणसाने स्वतःशी प्रामाणिक राहण्याचे गाणे कसे लिहावे? 'स्वतः' म्हणून काही नसेल, तर प्रामाणिक कोणाशी राहावयाचे?

हा आक्षेप शब्दच्छल नव्हे. तो खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे.

प्रथम इतिहास पाहू. आपल्या धम्मातील सर्वात जुनी गीते कोणती? खुद्दक निकायात 'थेरगाथा' आणि 'थेरीगाथा' असे दोन संग्रह आहेत. पहिल्यात भिक्खूंची गीते आहेत, दुसऱ्यात भिक्खुणींची. ती अनेक पिढ्या मुखोद्गत राहिली आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात इतर त्रिपिटकासह ताडपत्रावर उतरली. रचना एका श्लोकापासून सुरू होऊन वाढत्या श्लोकसंख्येने लावलेली आहे. थेरीगाथेत ज्यांना बोलते केले आहे त्यांत राजघराण्यातील स्त्रिया आहेत, अंबपालीसारखी गणिका आहे, मुले गमावून वेडी झालेली पटाचारा आहे, आणि दुसऱ्याच्या घरी पाणी भरणारी दासीही आहे. आणि या गीतांपैकी कितीतरी गीते 'मी' म्हणून बोलतात. मी अशी होते, माझ्यावर हे गुदरले, मी हे ऐकले, मी हे केले, आता माझे असे आहे. अनात्मवाद ज्यांनी साक्षात तथागतांच्या तोंडून ऐकला, त्यांना 'मी' म्हणावयास संकोच वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

त्यातील दोन गीतांचा आशय मुद्दाम सांगतो, कारण ती दोन्ही आपल्याच माणसांची आहेत असे वाटावे.

पहिले गीत सुनीताचे. हा राजगृहाचा. हलक्या मानलेल्या कुळात जन्मलेला. देवळांतली, रस्त्यांवरची सुकलेली फुले झाडून वाहून नेण्याचे त्याचे काम. आपण दरिद्री होतो, खायला पुरेसे नव्हते, लोक आपला तिरस्कार करीत, हे तो सांगतो. आणि त्यापुढे तो एक गोष्ट सांगतो, ती आपल्या वहीतल्या गीतात क्वचितच असते. आपण मन लहान करून अनेकांपुढे वाकत होतो, हेही तो सांगून टाकतो. मग भिक्खूसंघासह नगरात शिरणारे तथागत त्याला दिसले. त्याने खांद्यावरची कावड खाली ठेवली आणि तो वंदनाला पुढे झाला. तथागत त्याच्यासाठी थांबले. डॉ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सुनीताच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र स्थान दिले, ते उगीच नव्हे.

दुसरे गीत पुण्णिकेचे. ही पाणी भरणारी दासी. थंडीच्या दिवसांतही तिला नदीत उतरावे लागे. मालकिणीच्या माराची आणि शिव्यांची भीती. त्याच नदीत थंडीने कुडकुडत स्नान करणारा एक ब्राह्मण तिला भेटतो. ती त्याला विचारते, मला माराची भीती आहे म्हणून मी या पाण्यात उतरते, तुला कशाची भीती आहे? तो सांगतो, पाप धुऊन काढण्यासाठी. यावर ती जे म्हणते त्याचा आशय असा की, पाण्याने पाप धुतले जात असते तर बेडूक, कासवे आणि सुसरी आधी स्वर्गात गेल्या असत्या. पाणी पाप धुते तर पुण्यही वाहून नेईल, हेही ती त्याला ऐकवते. चवदार तळ्याच्या लेकरांना या दासीची ओळख करून देण्याची गरज पडू नये, पण पडते. कोणत्या नटीचे गाणे कोणत्या वर्षी गाजले हे आपल्या मुलामुलींना ठाऊक असते, आणि पुण्णिका ठाऊक नसते. असो.

या गीतांत बळ आहे, याविषयी दुमत होऊ नये. पण ते कोठे आहे ते नीट पाहा. मी कधीच घाबरले नाही, असे पुण्णिका म्हणत नाही. उलट भीतीनेच पाण्यात उतरत होते, असे ती सांगते, आणि त्या भीतीच्या आधारावरच ब्राह्मणाला प्रश्न करते. तिचे दुःख हेच तिचे प्रमाण आहे. सुनीत वाकत होता हे कळले नसते, तर त्याने कावड खाली ठेवली यात आपल्याला काय विशेष वाटले असते? आपल्या वहीतल्या गीतात मात्र पहिल्या कडव्यापासून छाती पुढे काढलेला माणूस उभा असतो, तो शेवटच्या कडव्यापर्यंत तसाच उभा राहतो. त्याला काही झालेले नसते. ज्याला काही झालेच नाही, त्याचे बळ कोणाच्या उपयोगी पडणार?

आता दुसऱ्या अंगाकडे वळू. 'स्वतःशी प्रामाणिक राहा' हा उपदेश हल्ली फार ऐकू येतो. सिनेमात आहे, भाषणात आहे, भिंतीवरच्या चित्रात आहे. आपल्या आत एक खरा 'मी' जन्मापासून बसलेला आहे, त्याचे ऐकावे, आणि जगाने कितीही ओढले तरी त्याला सोडू नये, असे त्याचे स्वरूप असते. ऐकायला गोड आहे. पण हा उपदेश आपल्या समाजाने काळजीपूर्वक तपासून घेतला पाहिजे, कारण तो आपल्याला नवा नाही. फार जुन्या काळापासून तो आपल्या कानीकपाळी ओरडला गेला आहे. त्याचे नाव तेव्हा स्वधर्म होते, आणि स्वभाव होते.

गीता उघडा. अठराव्या अध्यायात चारही वर्णांची कामे स्वभावापासून उपजलेल्या गुणांप्रमाणे वाटून दिली आहेत, आणि शूद्राच्या वाट्याला इतरांची सेवा आली आहे. तिसऱ्या अध्यायात, दुसऱ्याचे कर्तव्य कितीही चांगले साधले तरी आपलेच धरून राहावे, असा बोध आहे. म्हणजे काय झाले? तू आतून जो आहेस तोच राहा, हे वाक्य झाडू हातात असलेल्या माणसाला सांगितले की त्याचा अर्थ झाडू खाली ठेवू नकोस असा होतो. ज्याचा 'स्व' दुसऱ्याने ठरवून दिला आहे, त्याने स्वतःशी निष्ठा ठेवणे म्हणजे ठरवून देणाऱ्याशी निष्ठा ठेवणे होय.

चोखोबांचे स्मरण या ठिकाणी होते. चौदाव्या शतकातील हा कवी. मंगळवेढ्याची वेस कोसळून तिच्याखाली गाडला गेला. त्याच्या अभंगांत जितके स्वतःचे, जितके खरे दुःख आहे, तितके मराठीत फार थोड्या ठिकाणी आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. तेव्हा या संताविषयी कोणी हलका शब्द काढू नये. परंतु एवढे म्हटले पाहिजे की चोखोबांचे गाणे महाद्वारापर्यंत गेले आणि तेथे थांबले. गाण्यात कमी नव्हती. ज्या 'स्व'शी ते प्रामाणिक होते, त्या 'स्व'ची जागाच पायरीपाशी नेमलेली होती. त्याच्या घरातल्या सोयराबाईने आणि कर्ममेळ्याने देवाला अवघड प्रश्न विचारले, हे खरे. पण प्रश्न विचारूनही माणूस त्याच दारात उभा राहू शकतो. दार सोडून वाट बदलण्यासाठी सहाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

म्हणून मूळ आक्षेपाकडे परत येऊ. स्वतः म्हणजे कोण?

मिलिंदप्रश्नात राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा रथावरचा संवाद आहे, तो पुष्कळांना माहीत असतो. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, आपल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी याच मिलिंदाचे नाव दिले. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, सर्व भाग जुळले म्हणजे रथ असे आपण म्हणतो, तसेच माणसाचे. हाच दृष्टांत वजिरा नावाच्या भिक्खुणीच्या तोंडी त्याआधीही आलेला आहे. मार तिला गोंधळात टाकण्यासाठी विचारतो, हा प्राणी कोणी केला, तो कोठून आला, आणि ती त्याला रथाच्या उपमेने गप्प करते. पण मिलिंदप्रश्नातच दुसरा एक दृष्टांत आहे, तो मला आपल्या प्रश्नासाठी अधिक कामाचा वाटतो. दिवा रात्रभर जळतो. पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच काय? नाही. मग वेगळी काय? तसेही नाही. त्याच दिव्याच्या आधाराने ती रात्रभर तेवत राहिली.

वाचकहो, ज्योत एक वस्तू म्हणून टिकत नाही, क्रिया म्हणून टिकते. तेल आहे, वात आहे, कोणी आडोसा केला आहे, तोवर ती चालू आहे. अनात्मवादाने 'मी' पुसून टाकलेला नाही. आत कोठे तरी एक न बदलणारा, आयता, पूर्ण झालेला 'मी' आहे, ही समजूत त्याने पुसली आहे. यात आपले नुकसान काहीच नाही. उलट यातच आपली सुटका आहे. न बदलणारा 'मी' असता तर अस्पृश्य हा कायमचाच अस्पृश्य ठरला असता. तो नाही, म्हणूनच सुनीताला भिक्खू होता आले.

मग निष्ठा कशाशी? याचे सर्वात चांगले उत्तर मला अंगुलिमालाच्या कथेत सापडते. अंगुलिमाल दरोडेखोर होता, त्याने माणसे मारली, आणि तथागतांच्या भेटीनंतर तो भिक्खू झाला, एवढे सर्वांना माहीत आहे. त्यानंतरचा भाग कमी लोक वाचतात. श्रावस्तीत भिक्षेला फिरत असता त्याला प्रसूतिवेदनांनी तळमळणारी एक स्त्री दिसली. तो कळवळला आणि त्याने परत येऊन तथागतांना सांगितले. तथागत म्हणाले, तिच्याकडे जा आणि सत्यवचन कर. आपण जन्मापासून जाणूनबुजून कोणाचा जीव घेतला नाही, या सत्याने तुझे भले होवो, असे म्हण. अंगुलिमाल म्हणाला, भगवन्, हे तर धडधडीत खोटे होईल. मी पुष्कळांचे जीव घेतले आहेत. तेव्हा तथागतांनी त्याला शब्द बदलून दिले. आर्य जन्माने जन्मल्यापासून, म्हणजे दीक्षा घेतल्यापासून, आपण कोणाचा जीव घेतलेला नाही, असे म्हणावयास सांगितले. हे तो म्हणू शकत होता. हे त्याने म्हटले.

ती स्त्री त्या वचनाच्या प्रभावाने सुखरूप बाळंत झाली, असे कथा पुढे सांगते. तो भाग बुद्धिवादी वाचकाने बाजूला ठेवला तरी चालेल. बाळंतपणाला सुईण लागते, दवाखाना लागतो. पण कथेचा गाभा त्या चमत्कारात नाहीच. गाभा असा आहे की अंगुलिमालाजवळ आपल्या बळाविषयी बोलण्याची दोन वाक्ये होती. एक उजळ आणि खोटे. दुसरे खरे, पण त्यात आधीच्या पापाची कबुली गुंतलेली. कारण 'दीक्षा घेतल्यापासून' असे म्हणताच 'त्याआधी काय?' हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येणारच. त्याने दुसरे निवडले. माझ्या मते, स्वतःशी प्रामाणिक राहणे याचा धम्मातील अर्थ एवढाच आहे आणि एवढा मोठा आहे. 'स्व' जन्माने मिळत नाही. तो एका दिवशी, डोळे उघडे ठेवून, शब्द देऊन घेतला जातो. निष्ठा त्या दिलेल्या शब्दाशी.

आता दीक्षाभूमी आठवा. १४ ऑक्टोबर १९५६. पूज्य चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील घेतल्यावर बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाला स्वतः दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. त्या प्रतिज्ञा पुन्हा एकदा व्याकरणाच्या दृष्टीने वाचा. त्या 'मी'च्या आहेत. 'आम्ही'च्या नाहीत. लाखो माणसे एका वेळी एका आवाजात बोलत होती, तरी प्रत्येकजण 'मी' म्हणत होता. आणि एकविसावी प्रतिज्ञा कशाची आहे? नवा जन्म होत असल्याची. अंगुलिमालाचा आर्य जन्म आणि आपली एकविसावी प्रतिज्ञा ही एकाच जातकुळीची वचने आहेत. ज्या दिवशी ती प्रतिज्ञा आपल्या आजोबांनी किंवा आपण स्वतः उच्चारली, त्या दिवशी आपल्या गीतातला 'मी' जन्माला आला. त्याच्या मागे जो होता, त्याच्याशी निष्ठा ठेवण्याचे बंधन आपल्यावर नाही. त्याला लपविण्याचेही कारण नाही.

शब्दाशी निष्ठा म्हणजे हट्ट, असे कोणी समजू नये. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो हे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही. तेव्हा कोणता धर्म घ्यावयाचा हे ठरलेले नव्हते. पुढची एकवीस वर्षे पाहा. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, १९४७ ला कायदेमंत्री, १९५१ ला राजीनामा. पक्ष बदलला, भूमी बदलली, साथीदार बदलले, प्रकृती ढासळत गेली. बाहेरून पाहणाऱ्याला हा माणूस पावलोपावली बदलताना दिसला असेल. परंतु येवल्याचा शब्द त्या सर्वांखालून तेवत होता. शोध चालू होता, वाचन चालू होते, इतर धर्मांचे लोक भेटून जात होते. घाई केली नाही आणि विसरलेही नाहीत. अखेर शब्द पुरा झाला, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत महापरिनिर्वाण झाले. आंतरिक बळाचे गीत ज्याला लिहावयाचे आहे, त्याने एकवीस वर्षे या दोन शब्दांवर थोडा वेळ थांबावे.

हे सर्व आदर्श झाले. आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येतो, कारण गीत तेथेच अडते.

दीक्षेनंतर आपल्या लोकांपुढे एक कागद आला. त्यात धर्माचा आणि जातीचा रकाना होता. बौद्ध लिहिले तर केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती जात होत्या. महाराष्ट्र राज्याने स्थापनेनंतर राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या. परंतु केंद्राच्या सवलतींसाठी १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे चौतीस वर्षे त्या रकान्यात एक शब्द लिहिण्याची किंमत एखादी नोकरी होती, मुलाची शिष्यवृत्ती होती. १९५१ च्या जनगणनेत भारतात बौद्ध दोन लाखांच्याही आत होते. १९६१ च्या जनगणनेत ते साडेबत्तीस लाख झाले. २०११ मध्ये ते सुमारे ८४ लाख होते, त्यांपैकी ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. या आकड्यांतला प्रत्येक एकक म्हणजे कोणीतरी गणतीदारापुढे उच्चारलेला एक शब्द आहे. आणि कित्येकांनी गणतीदारापुढे एक शब्द सांगितला आणि कचेरीच्या कागदावर दुसरा लिहिला, हेही आपल्याला माहीत आहे.

शहरात आज हा कागद निराळ्या रूपाने येतो. भाड्याची खोली पाहायला गेल्यावर घरमालक आडनाव विचारतो. नुसते गावाचे नाव सांगून वेळ मारून नेता येते. भिंतीवरची तसबीर पाहुणे येण्यापूर्वी आतल्या खोलीत नेता येते. बाबुराव बागुलांनी १९६३ साली आपल्या कथासंग्रहाला 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नाव दिले. त्या गोष्टीला साठ वर्षे उलटली तरी त्या नावाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही, यातच सर्व आले.

पोटासाठी ज्याने कागदावर जुने नाव लिहिले, त्याच्यावर दगड उचलण्याचा अधिकार मी कोणाला देणार नाही, स्वतःलाही घेणार नाही. दगड अंगुलिमालावरही पडले होते. भिक्षेला गेला की लोक दगड, काठ्या, खापऱ्या फेकीत. डोके फुटून, पात्र मोडून, चीवर फाटून तो परत येई. त्याच्या बदलण्यावर गावाचा विश्वास नव्हता. तथागतांनी त्याला ते सोसावयास सांगितले. त्याने गावासमोर आपली बाजू मांडणारे भाषण केले नाही.

पण गीताचा प्रश्न वेगळा आहे. त्याच माणसाने रात्री वही उघडून 'मी कधी वाकलो नाही' असे लिहिले, तर ते गीत दोनदा खोटे होते. एकदा कागदावर, एकदा वहीत. कागदावरचे खोटे जगाने त्याच्याकडून वदवून घेतले. वहीतले मात्र त्याने आपण होऊन केले. त्याऐवजी त्याने रकान्यापाशी हात कसा थांबला ते लिहावे. मागे रांगेत उभा असलेला माणूस खाकरला, तेव्हा कोणता शब्द लिहिला गेला ते लिहावे. घरी आल्यावर बापाच्या डोळ्याला डोळा देता आला की नाही, ते लिहावे. मग पुढच्या कागदावर काय लिहीन, याचे एक कडवे त्याला आपोआप सुचेल, आणि त्या कडव्यात बळ असेल. सुनीताने वाकण्याचे कडवे लिहिले म्हणून कावडीचे कडवे लिहिता आले.

कोणी विचारील, अशा कबुलीने ऐकणाऱ्यांचे धैर्य खचणार नाही काय? समाज आधीच पिचलेला आहे, त्याला स्फूर्ती हवी. प्रश्न योग्य आहे. आंबेडकरी जलशांनी स्फूर्तीचेच काम केले आणि त्याची गरज होती. तमाशातला गणपतीचा गण काढून त्या जागी आपल्या मुक्तीची गोष्ट बसविणे, हे त्या काळी लहान धाडस नव्हते. भीमराव कर्डकांच्या पिढीने ते केले. पण जलसा ही सभा आहे. तेथे 'आम्ही' बोलतो. मागल्या पानावर 'मी' बोलतो, आणि त्या 'मी'कडून ऐकणाऱ्याला वेगळे काही हवे असते. रात्री एकटा असलेला मनुष्य दुसऱ्या एकट्या मनुष्याचे गीत ऐकतो, तेव्हा त्याला जाणून घ्यावयाचे असते की, याला माझ्यासारखे झाले होते का? छाती काढून उभा असलेला माणूस त्याला ते सांगू शकत नाही.

काही व्यावहारिक गोष्टी आता, थोडक्यात. सिनेमाच्या चालीवर गीत बसविले म्हणून काही बिघडत नाही. पट्टीच्या शाहिरांनीही तसे केलेले आहे, आणि लोकांच्या ओठी आधीच असलेली चाल गीताला लवकर पाय देते. चाल उसनी चालेल, पण चालीबरोबर सिनेमातल्या नायकाचा 'मी' आपल्या वहीत शिरतो, त्याच्यावर मात्र डोळा ठेवावा. ज्याच्या घरी कधी रेशनची रांग नव्हती अशा नायकाचे बळ आपल्या कडव्यात घातले, की पेटी आणि ढोलकी कितीही चांगली असली तरी गीत पोकळ वाजते.

गीतात विरोधकाला बोलू द्यावे. थेरीगाथेत सोमा नावाच्या भिक्खुणीला मार येऊन सांगतो की दोन बोटांएवढी अक्कल असलेल्या बाईला ऋषींची जागा मिळणार नाही. तिने हे गाळले नाही. आधी त्याचे पुरते ऐकून घेतले, मग चित्त स्थिर असता स्त्रीपणाचा काय संबंध, असे उत्तर दिले. मार म्हणजे आपल्याच मनातला चुळबुळणारा आवाज, असा अर्थ घेतला तरी चालेल. बहुधा तोच खरा आहे. ज्या गीतात हा आवाज नाही, त्यातला विजय कोणावर?

आपल्या आयाबायांनी जात्यावर जे गायले, तेही विसरू नये. हेमा राईरकर आणि गी पॉयतवां यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या पुष्कळ आहेत, आणि त्या रचणाऱ्या बहुतेक बायांना अक्षर येत नव्हते. ओवी लहान असते. दळण चालू असते, कोणी टाळ्या वाजविणारे नसते. अशा एकांतात बढाई फारशी सुचत नाही. नवशिक्याने पहिले गीत ओवीएवढेच लिहावे, असे माझे मत आहे. थेरगाथाही एका श्लोकापासूनच सुरू होते.

आणि शेवटच्या कडव्यातल्या नावाविषयी. अभंगात संतांनी आपले नाव घातले, शाहिरांनी घातले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक, जे १९२२ साली जन्मले आणि २००४ साली गेले, जे मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले, त्यांच्या गीतांच्या अखेरीस 'वामन' येतो हे आपल्याला पाठ आहे. आपल्या आत्मचरित्रालाही त्यांनी आपल्या जीवनाचे गाणे म्हटले. आजचे तरुण नाव घालतात ते बहुधा प्रथा म्हणून, किंवा कोणी गीत चोरू नये म्हणून. थेरीगाथेतल्या कित्येक लहान गीतांत भिक्खुणीचे नाव येते ते वेगळ्या रीतीने. मुत्तेला मुत्ता म्हणून हाक येते आणि मुक्त हो असे सांगितले जाते. पुण्णेला पौर्णिमेच्या चंद्राप्रमाणे पूर्ण हो असे सांगितले जाते. तेथे नाव ही लेखकाची सही नाही. ते त्या नावाच्या बाईला टाकलेले काम आहे. आपल्या वहीतल्या शेवटच्या कडव्यात नाव घालताना त्या जागी पूर्ण नाव घालून पाहावे, आडनावासकट, जे आडनाव घरमालकाला सांगताना जीभ अडते तेच. चालीत बसत नसेल तर चाल बदलावी.